‘समजलं का?’ विचारणं सोडा: मेंदू ओळखून शिकण्या-शिकवण्याचा श्रीगणेशा

‘समजलं का?’ हा शिकवणाऱ्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न आहे आणि सगळ्यात निरुपयोगीही. समोरचे नंदीबैलासारख्या माना डोलावतात आणि आपण पुढे जातो. गंमत अशी की यात कुणीच खोटं बोलत नसतं. ऐकताना त्यांना खरोखरच समजल्यासारखं वाटत असतं. शब्द ओळखीचे आहेत, वाक्यं सुटसुटीत आहेत, सांगणारा तयारीचा आहे. कुठे अडखळायलाच झालं नाही, की मेंदू ‘हे आपल्याला येतं’ असा निकाल देऊन मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी तेच स्वतःहून सांगायला लावा, मग घोडं कुठे पेंड खातं ते दिसतं.

येतंय असं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. मेंदूविषयी गेल्या शे-दीडशे वर्षांत जे कळलं आहे, त्यातला शिकण्या-शिकवण्याला उपयोगी पडणारा बराचसा भाग या फरकापाशी येऊन थांबतो. नुकतेच शिकवायला लागलेले शिक्षक, नव्या सहकाऱ्यांना काम समजावून देणारे, घरी अभ्यास घेणारे पालक आणि स्वतःच काही नवं शिकायला बसलेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. मेंदूच्या भागांची नावं पाठ करायची गरज नाही. पायऱ्या ओळीनं दिल्या आहेत, पण सगळ्या एकाच दिवशी चढायला जाऊ नका. का, ते दुसऱ्या पायरीवर कळेल.

पायरी १: आधी अडगळ काढा

मेंदूबद्दल सांगोवांगी बरंच फिरत असतं. ‘आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो’ हे साफ खोटं. मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, पण आपण नुसते बसून असतानाही शरीराची जवळजवळ २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. एवढा खर्चिक अवयव बहुतांश रिकामा ठेवणं शरीराला परवडलंच नसतं. ‘डाव्या मेंदूची माणसं तर्काची, उजव्या मेंदूची कलेची’ हेही त्याच पठडीतलं. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त होतात हे खरं, पण त्यावरून माणसांचे दोन गट पडत नाहीत.

तिसरा समज मात्र महागात पडतो, कारण तो शहाण्यासुरत्या शिक्षकांचा वेळ खातो. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताळून, म्हणून प्रत्येकाची ‘शैली’ ओळखून तसं शिकवावं, असा तो समज. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं उपलब्ध संशोधन तपासलं. शैलीप्रमाणे शिकवल्यानं शिकणं सुधारतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. प्रत्येकाची आवड असते, हे नाकारायचं कारण नाही. पण नकाशा सगळ्यांना बघूनच कळतो आणि उच्चार सगळ्यांना ऐकूनच. माध्यम विषयाकडे बघून ठरवा. चित्र आणि शब्द जोडीनं आले तर बहुतेकांचंच भलं होतं. शैली ओळखण्याच्या चाचण्यांना राम राम करा.

पायरी २: जागा फार थोडी आहे, हे धरून चाला

आत्ता, या क्षणी डोक्यात जे धरून ठेवता येतं त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. तोंडी हिशेब करताना हातचा लक्षात ठेवता, तो तिथे असतो. या स्मृतीत मावतं किती? जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ असा आकडा सांगितला आणि तो प्रसिद्ध झाला. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की मनातल्या मनात घोकायची किंवा गट पाडायची सोय काढून घेतली, तर खरा आकडा चारच्या आसपास येतो. आणि ते टिकतं तरी किती? १९५९ मध्ये लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी लोकांना फक्त तीन व्यंजनं लक्षात ठेवायला दिली आणि लगेच एका संख्येपासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं. १८ सेकंदांत बहुतेक सगळी अक्षरं पुसली गेली होती.

म्हणजे नव्या विद्यार्थ्याला तुम्ही एका दमात सात सूचना देता, तेव्हा पाचवी ऐकताना पहिली निसटलेली असते. त्यात त्याचा आळस नाही की बेफिकिरी नाही. यावरून लगेच करता येण्यासारखं:

- एका वेळी दोन-तीनच नव्या गोष्टी सांगा. चौथी सांगायच्या आधी त्या वापरायला लावा.
- जे कागदावर किंवा फळ्यावर राहू शकतं ते डोक्यात धरायला लावू नका. गणितातली मधली पायरी पुसायची घाई नको. सूचना लांब असेल तर लिहून द्या.
- पडद्यावर परिच्छेद आणि तोंडानं दुसरंच काही, असं करू नका. वाचणं आणि ऐकणं ही दोन्ही भाषेची कामं आहेत, ती एकमेकांच्या पायात येतात. पडद्यावर आकृती ठेवा, शब्द तुमच्या तोंडी असू द्या.
- अगदी नवख्याला ‘स्वतः शोधून काढ’ म्हणून सोडू नका. जॉन स्वेलर यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत, नवशिक्यांनी सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासली तर ते नुसत्या गणितांशी झटत बसणाऱ्यांपेक्षा चांगलं शिकले. आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्या, मग शेवटची पायरी गाळलेलं, मग शेवटच्या दोन गाळलेलं, असं करत हात सोडा.

मग तज्ज्ञांच्या डोक्यात एवढं मावतं कसं? विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली. मास्टर दर्जाच्या खेळाडूनं सुमारे १६ मोहरे बरोबर जागी ठेवले, नवख्यानं चारेक. मग मोहरे कसेही विखरून ठेवले, तेव्हा मास्टरची ही आघाडी जवळजवळ संपलीच. त्याची स्मृती मोठी नव्हती. त्याला एकेक मोहरा दिसतच नव्हता, ओळखीच्या रचना दिसत होत्या. पाच-सहा मोहऱ्यांची एक रचना त्याच्या डोक्यात एकच जागा घेते. आधीचं ज्ञान जितकं जास्त, तितकी नव्यासाठी जागा जास्त. ‘पाठांतराची गरज काय, सगळं शोधून सापडतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. पाढे तोंडपाठ असलेलं मूल भागाकार करताना भागाकाराचाच विचार करू शकतं.

पायरी ३: विषय आधी, तपशील नंतर

हे वाचा:

‘दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या करा. एक दुसरीवरून नेऊन खालून काढा आणि ओढून घ्या. आता एकीचा कान करा आणि बोटांनी धरून ठेवा. दुसरी त्याच्याभोवती फिरवा आणि मधल्या फटीतून ढकला, पण पूर्ण बाहेर येऊ देऊ नका. आली तर सगळं पुन्हा करावं लागेल. शेवटी दोन्ही कान एकाच वेळी ओढा. घाई केली तर चालताना पस्तावाल.’

प्रत्येक शब्द मराठी, प्रत्येक वाक्य सरळ, तरी काही हाती लागत नाही. आता वर ‘बुटाची नाडी बांधणे’ असं शीर्षक ठेवून पुन्हा वाचा. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये अशाच धर्तीचे उतारे वापरून प्रयोग केले. उताऱ्याआधी विषय सांगितला की लोकांना तो कळायचा आणि जास्त आठवायचा. वाचून झाल्यावर विषय सांगितला, तर काही फायदा होत नसे. नवी माहिती आत येते तेव्हाच तिला जुन्या माहितीशी जोडावं लागतं. उतारा संपल्यावर जोडायला काही उरलेलंच नसतं.

बैठकीत, वर्गात, लांबलचक निरोपात आपण नेमकं उलट करतो. पार्श्वभूमी, मग अडचणी, मग आकडे आणि शेवटी ‘तर मुद्दा असा की…’. तोवर समोरच्यानं निम्मं सोडून दिलेलं असतं. पहिल्याच वाक्यात सांगा की हे कशाबद्दल आहे आणि ऐकणाऱ्यानं शेवटी काय करायचं आहे. रहस्यकथा लिहीत असाल तर गोष्ट वेगळी.

सांगणाऱ्याला हे इतकं अवघड का जातं, त्याचाही एक सुंदर प्रयोग आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना प्रसिद्ध गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला टकटक ऐकू येते. आणि डोक्यात वाजणारं गाणं ठरवून बंद करता येत नाही, हीच खरी पंचाईत आहे. ‘मी साधंच सांगतोय’ या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा दोन गोष्टी करा. शिकवायच्या आधी विचारा, ‘याबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?’ आणि निघालेलं उत्तर, चुकीचं असलं तरी, लिहून ठेवा. दुसरं, तुम्ही काम करत असताना एखाद्या नवख्याला शेजारी बसवून दिसेल ते मोठ्यानं बोलायला सांगा. तुमचे हात कुठे न सांगता पुढे गेले ते तोच दाखवून देईल.

पायरी ४: आत ओतू नका, बाहेर काढायला लावा

एकच पायरी निवडायची असेल तर ही निवडा.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटानं एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं, समोर उतारा नसताना, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि शिकून झाल्यावर ‘आठवड्यानं तुम्हाला किती आठवेल?’ असं विचारलं, तर जास्त आत्मविश्वास होता तो वारंवार वाचणाऱ्यांना.

आपली निम्मी शिक्षणपद्धती या शेवटच्या वाक्यात सापडते. पुन्हा वाचणं, अधोरेखित करणं, सुंदर नोंदी उतरवणं यांत ओळख वाढते. ओळख वाढली की सोपं वाटतं. सोपं वाटलं की झालं असं वाटतं. पण डोळ्यांसमोर असलेली गोष्ट ओळखणं आणि ती समोर नसताना शोधून आणणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, आणि परीक्षेत, मुलाखतीत किंवा प्रत्यक्ष कामात दुसरंच लागतं. चेतापेशींमधले जोड वापरानं बळकट होतात. जी वाट वापरायची आहे, तीच वापरून घ्यावी लागते.

आता इथेच थांबा. वर न बघता सांगा: कोवन यांनी सांगितलेला आकडा किती? मास्टरची आघाडी केव्हा संपली? ठेक्यावरून किती गाणी ओळखली गेली? अडलात तर उत्तम. थोडा वेळ झटापट करा आणि मगच वर जाऊन तपासा. तपासणं सोडू नका, नाही तर चुकीचंच उत्तर पक्कं बसायचं.

वर्गात किंवा कामावर हे करायला यंत्रणा काही लागत नाही. तास सुरू होताना पाच मिनिटं, वह्या बंद, कोरा कागद: ‘मागच्या वेळचं आठवेल तेवढं लिहा.’ मग वह्या उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगात भरा. गुण द्यायचे नाहीत. गुण आले की लपवाछपवी आली आणि आपल्याला हवी असलेली माहिती गेली. ‘समजलं का?’ तोंडावर आलंच, तर ते गिळून यांतलं एखादं विचारा:

- हे आज गैरहजर असलेल्याला कसं सांगाल?
- यातली ही एक पायरी गाळली तर काय बिघडेल?
- पुढे काय होईल असं वाटतं? आधी अंदाज लिहा, मग दाखवतो.

अंदाज आधी लिहून घेण्यामागे कारण आहे. ते जवळून बघण्यासारखं आहे.

समोर १/२ + १/३ आहे. मुलगी २/५ लिहिते. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. आता दोन गोष्टी करता येतात. ‘चूक, आधी छेद सारखे कर’ म्हणून रीत सांगायची. ती ३/६ + २/६ करते, ५/६ लिहिते, सगळे खूश. पुढच्या आठवड्यात पुन्हा २/५. किंवा रीत अजिबात न सांगता विचारायचं, ‘२/५ अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?’ ती जरा थांबते. पाचाचे अर्धे अडीच, दोन त्याहून कमी, म्हणजे लहान. ‘आपण सुरुवात कशापासून केली?’ ‘अर्ध्यापासून.’ ‘मग त्यात भर घातली की काढलं?’ ‘भर…’ आणि पेन्सिल जागच्या जागी थांबते. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी उरलं?

छेद सारखे करण्याची रीत सांगायची वेळ आता आली. दोन मिनिटांपूर्वी ती आगंतुक होती, आता मुलीलाच हवी आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या कामात दिसलं की डोपामाइन (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) सोडणाऱ्या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला जास्त प्रतिसाद देतात. अपेक्षेहून जास्त मिळालं की त्या उसळतात, कमी मिळालं की मंदावतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर ढिम्म. ते काम बक्षिसाबद्दलचं आहे, अपूर्णांकांबद्दलचं नव्हे. पण अंदाज आणि वास्तव यांतल्या तफावतीतून मेंदू शिकतो, हे सूत्र इतरत्रही दिसतं. तफावत जाणवायला आधी अंदाज हवा. म्हणून मुलीनं २/५ लिहिणं ही शिकवणीतली अडचण नाही, ती सुरुवात आहे. अगदी खात्रीनं दिलेली चुकीची उत्तरं दुरुस्त झाल्यावर अर्धवट खात्रीच्या उत्तरांपेक्षा पक्की लक्षात राहतात, असंही प्रयोगांत आढळलं आहे.

हाताच्या कामांचं मात्र गणित वेगळं. हेन्री मोलेझन या रुग्णाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी घडवणारा भाग) आणि आसपासचा भाग १९५३ मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी काढला आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. तरी ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी तो म्हणायचा की हे आपण कधी केलेलं नाही. माहिती आणि कौशल्य यांच्या मेंदूतल्या वाटा निराळ्या आहेत. पोहणं, टंकलेखन, वाद्य, यंत्र चालवणं यांवर तासभर भाषण दिलंत तर ज्याला भाषण आठवेल त्याचेही हात शिकलेले नसतील. दोन मिनिटं सांगा आणि त्याच्या हातात काम द्या.

पायरी ५: मध्ये दिवस जाऊ द्या

हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले विसरण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, मग ठरावीक वेळानं पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त फायदा गेला, दिवसभरात सुमारे दोन तृतीयांश. त्यानंतर मात्र घसरण मंदावते. अर्थ असलेली माहिती इतक्या झपाट्यानं जात नाही, पण घसरण्याचा आकार तोच राहतो. सलग चार तास घासण्यापेक्षा तोच वेळ चार दिवसांत वाटून दिला तर जास्त टिकतं, हे तेव्हापासून आजवर पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

अंतर किती ठेवायचं? किती काळ लक्षात ठेवायचं आहे, त्यावर. आठवड्यानं लागणार असेल तर एक-दोन दिवसांनी उजळणी. काही महिन्यांनी लागणार असेल तर दोन-तीन आठवड्यांनी. फार काटेकोर होऊ नका. थोडं विसरायला झालेलं असतानाच आठवायला बसायचं, एवढं सांभाळलं की पुरे. चटकन आठवलं तर मधलं अंतर वाढवा, काहीच आठवलं नाही तर कमी करा.

सरावातही सरमिसळ हवी. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाची गणितं दोन प्रकारे करून घेतली. एका गटाला एकाच प्रकारची सलग, दुसऱ्याला सगळ्या प्रकारांची मिसळ. सराव चालू असताना सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६०. आठवड्यानं परीक्षेत सलगवाले २०, मिसळवाले ६३. सलग सरावात सूत्र कुठलं वापरायचं हा प्रश्नच येत नाही. पानाच्या माथ्यावर ते लिहिलेलं असतं. परीक्षेत माथ्यावर काही नसतं. पाठ्यपुस्तकातले स्वाध्याय बहुधा सलगच असतात, तेव्हा मिसळ तुम्हालाच करावी लागेल. तिसऱ्या धड्यातली दोन, पाचव्यातलं एक, आजची तीन, एवढं केलंत तरी चालेल.

झोपेचं थोडक्यात सांगतो. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना उंदरांमध्ये दिसलं की, जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतवल्या जात होत्या. दिवसाचं शिकलेलं पक्कं करण्याचं काम झोपेतही चालू असतं. परीक्षेआधी रात्रभर जागणारा हे काम होऊच देत नाही. वर दुसऱ्या दिवशी त्याची कार्यकारी स्मृतीही मरगळलेली असते.

पायरी ६: भीती घालवा, आव्हान ठेवा

अति ताणाखाली कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे विचार जुळवण्याचं आणि कार्यकारी स्मृतीचं मुख्य ठाणं, नीट चालत नाही. गणिताची धास्ती घेतलेल्याचं होतं ते हेच. ज्या तीन-चार जागांत गणित मावायचं, त्यांतल्या दोन ‘आता सगळे हसणार’ या विचारानं अडवलेल्या असतात. त्याला ‘लक्ष दे’ म्हणून ओरडणं म्हणजे तिसरी जागाही अडवणं. आणि घाबरल्यावर काहीच लक्षात राहत नाही असंही नाही. भीतीच्या क्षणाची आठवण अमिग्डला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागामुळे पक्की होते. अपमान जन्मभर आठवतो, त्या दिवशीचा धडा आठवत नाही.

करायचं एकच, आणि ते फुकट आहे: प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हा वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला, तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून गप्प बसायचे म्हटले तर युगासारखे वाटतात. मनात आकडे मोजा. नाव शेवटी घ्या: आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले.

पायरी ७: रोजच्या बोलण्यात

शिकवणं हे जरा शिस्तीतलं बोलणंच. त्यामुळे वरचं बरंचसं इथे जसंच्या तसं लागू आहे. एक गोष्ट मात्र संभाषणाची खास आहे. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना झाली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास वेळ जातो. पण एक साधा शब्द उच्चारायची तयारी करायलाच मेंदूला सुमारे ०.६ सेकंद लागतात. हिशेब सरळ आहे: समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो. हा काही कुणाचा उद्धटपणा नाही, संभाषण चालतंच तसं. गप्पांमध्ये त्यानं काही बिघडत नाही. पण तक्रार, वाद किंवा महत्त्वाची सूचना ऐकताना वाक्याचा शेवट निसटतो, आणि माणसं अडचणीचा भाग शेवटीच सांगतात.

उपाय जुना आहे. उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे काम वाढलं याची तक्रार नाही, आयत्या वेळी कळलं याची आहे. बरोबर?’ हे सांगायचं असलं की मेंदूला शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. सूचना देताना उलट दिशेनं तेच. वैमानिक नियंत्रण कक्षाकडून आलेली उंची किंवा दिशा परत म्हणून दाखवतो, ती सौजन्य म्हणून नव्हे. चूक तिथल्या तिथे पकडली जावी म्हणून. आपणही म्हणू शकतो, ‘मी नीट सांगितलं का ते बघायचंय, तुम्ही आता काय करणार ते एकदा सांगा.’ परीक्षा तुमच्या सांगण्याची आहे, असा सूर राहिला की कुणाला राग येत नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन यांच्या गटानं २०१० मध्ये एका स्त्रीनं सांगितलेली गोष्ट आणि ती ऐकणारे, अशा दोघांचे मेंदू तपासले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल थोड्या अंतरानं सांगणारीच्या मेंदूशी जुळत होती, आणि काही भागांत तर पुढचा अंदाज बांधत तिच्याही आधी चालत होती. ज्यांच्यात हे पुढे धावणं जास्त, त्यांना गोष्ट जास्त कळली होती. न समजणाऱ्या भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा जुळणी राहिली नाही. ऐकणारा तुमच्या पुढे धावत असतो, तेव्हा मधूनच विषय बदललात तर ‘आता वेगळा मुद्दा’ एवढे तीन शब्द खर्च करा.

पहिला आठवडा

सातही पायऱ्या एकदम घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त कोरा कागद आणि प्रश्नानंतरचे तीन सेकंद. या दोन गोष्टी अंगवळणी पडल्या की विषय आधी सांगणं, मग सरमिसळ.

कुरकुर होईल, तिची तयारी ठेवा. मुलं म्हणतील, ‘आधी सोपं जायचं.’ पालक म्हणतील, ‘सरावात गुण कमी यायला लागले.’ सरावातले ६० आणि ८९ आठवा आणि त्यांना ते आकडे सरळ दाखवा. मोठ्यांना तर दाखवाच. स्वतः शिकत असाल तर हीच कुरकुर तुमच्याच डोक्यातून येईल. वाचलेलं पुस्तक मिटून आठवायला बसलं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं आणि हात पुन्हा पुस्तकाकडे जातो. दोन मिनिटं हात आवरा.

पहिल्या दिवशी बरेच कागद जवळजवळ कोरे येतील. ते गोळा करा, नावं बघू नका आणि सगळ्यात जास्त जणांचं काय राहून गेलं तेवढंच शोधा. दुसऱ्या दिवशीची सुरुवात तिथून करा. पुढचा धडा थांबला तर थांबू द्या.